बॉनेटखालचे लाल ठिपके

मिस्त्री, तुमचा नियम मी अजून पाळते. गाडी सुरू केली की पहिल्या मैलात बोलायचं नाही. रेडिओ लावायचा नाही, फोन आला तर वाजू द्यायचा. "पैल्या मैलात गाडी बोलती बाई, आपुन बोलायचं न्हाय," असं तुम्ही पहिल्याच दिवशी मला दटावलं होतंत. मी कॉलेजात सत्तर पोरांना गप्प बसवणारी बाई, आणि अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमधला एक माणूस मला गप्प बसवतो, याचा मला केवढा राग आला होता. आता शेजारची सीट रिकामी असते. तरी मी गप्प असते, आणि नको तितकं ऐकू येतं.

तुमच्याबद्दल कुणी लिहिणार नाही, हे मला माहीत आहे. लिहिण्यासारखं काय होतं, असं तुम्हीच म्हणाला असता. मलाही तुमचं चरित्र लिहायचं नाही. मला एक गोष्ट बोलायची आहे, जी बोलायला मला अकरा वर्षं मिळाली होती आणि मी बोलले नाही.

अकरा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आले ती दुधानं तोंड पोळून. सोलापूरहून मोहोळच्या कॉलेजला रोज जाऊन-येऊन गाडी चालवणारी बाई म्हणजे गॅरेजवाल्यांना लॉटरीच. गाडी एसी हॉलमध्ये उभी करणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी मला छापील यादी दिली होती, हे बदला, ते बदला, आणि सगळं बदलून झाल्यावर गाडी पुन्हा त्याच जागी बंद पडली. घराजवळच्या एकानं तर माझी चांगली बॅटरी काढून घेऊन जुनी बसवली, आणि वर मलाच म्हणाला, मॅडम, तुम्ही लाइट चालू ठेवता का हो? तेव्हा आमच्या स्टाफरूममधल्या माने मॅडमनी मला शहाणपण शिकवलं. "नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेव. बॅटरीला, अल्टरनेटरला, डिकीतल्या स्टेपनीला. गाडी परत आली की ठिपका बघायचा. ठिपका नाही तर पार्ट तुझा नाही." त्या स्वतः तसंच करत. स्टाफरूममधल्या निम्म्या जणी तसंच करत. मी लाल रंगाची बाटली आणली. मी स्वतः कधी नखं रंगवत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. ती बाटली फक्त तुमच्यासाठी होती.

तीन ठिपके लावून मी गाडी तुमच्याकडे दिली. गाडी गरम होत होती. तुम्ही तो हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढलात, त्याचं टोक इंजिनाला टेकवलंत, मूठ कानाला लावलीत आणि डोळे मिटलेत. मला हसू आलं. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मी तुम्हाला समजावून सांगितलं की हवेपेक्षा पोलादातून आवाज जास्त वेगानं जातो, म्हणून तुम्हाला नीट ऐकू येतं. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "ते तुमचं पुस्तक झालं. पोलादाला काय ऐकू येतंय? ऐकायचं मानसानं." हा आपला पहिला वाद. अकरा वर्षांत तो मिटला नाही. मी दर वेळी नवा दाखला द्यायची आणि तुम्ही दर वेळी मेंढरांवर यायचा.

मेंढरं तुमच्या बोलण्यातून कधी गेली नाहीत. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावर बापाच्या मागं मेंढरं राखत तुम्ही मोठे झालात, मग तालुक्याला ट्रकवर लागलात आणि मग सोलापुरात पाना हातात घेतलात. "मेंढरू आजारी पडायच्या आदी त्येचा आवाज बदलतोय बाई. दिसाया काय दिसत न्हाय. तसंच हाय हे." मी म्हणायची, गाडीला लोकर कधी येणार ते सांगा. तुम्ही हसायचा नाहीत. मायाक्का, तुमची बायको, जेवणाचा डबा घेऊन आलेली असायची, ती हसायची. त्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मी किती वेळा खाल्ली असेन! हात न धुता खायचं नाही, हे मात्र तुम्ही मला शिकवायची गरज नव्हती.

त्या पहिल्या दिवशी मी गाडी घरी आणली आणि फाटकाच्या आत घेतल्या घेतल्या बॉनेट उघडलं. तिन्ही ठिपके जागच्या जागी होते. पुढच्या खेपेलाही होते, त्याच्या पुढच्याही. तुम्ही तर अनेकदा मला तसंच परत पाठवलंत, "हाय ते चालतंय की, उगा कशाला उघडायचं?" मग एकदा मुलीला परीक्षेसाठी पुण्याला सोडायचं होतं आणि तुम्ही माझी किल्लीच काढून घेतलीत. "ही गाडी हितनं न्हाय जायाची. मोहोळपतूर ठीक हाय, पुन्याला न्हाय." मी आवाज चढवला. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. तुम्ही वाद घातला नाहीत, मला चाकाशी वाकायला लावून ब्रेकचा भिजलेला पाइप दाखवलात, मग आमच्या दोन्ही बॅगा स्वतः उचलून आम्हाला एसटीत बसवून दिलंत आणि कंडक्टरला सांगितलंत, "पोरगी परीक्षेला निगालीय, खिडकीपाशी जागा द्या." त्या दिवसानंतर मी बॉनेट उघडणं सोडलं. ठिपके बघायची गरज उरली नाही. माझ्यासारख्या संशयी बाईनं एखाद्यावर ठेवलेला विश्वास असाच असतो मिस्त्री, ती फक्त बघायचं थांबवते. तुम्हाला सांगत नाही.

मग तो आवाज आला.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. डावीकडे वळताना पुढच्या चाकाशी बारीक 'चीं' असा आवाज, उंदराच्या पिलासारखा. मी तुमच्याकडे आले. तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावलात, पहिला मैल गप्प बसून गाडी चालवलीत आणि म्हणालात, "काय न्हाय बाई." आठवड्यानं परत आले. "काय न्हाय." तिसऱ्या वेळी मी शेजारी बसले होते, तुम्ही डावीकडे वळवलीत, आवाज स्पष्ट आला, मी तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही सरळ पुढे बघत होता. कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही. शेडपाशी उतरल्यावर मी विचारलं, "आताही नाही आला आवाज?"

"न्हाय आला."

"मिस्त्री, मला रोज येतोय. आत्ता आला."

"चालवत ऱ्हावा. काय व्हनार न्हाय."

आणि मग मी ते वाक्य बोलले. "एक तर तुमचा कान बिघडलाय, नाहीतर नियत." शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं होती, समोर चहावाला होता. तुम्ही हातातल्या फडक्यानं बोटं पुसत राहिलात, एकेक बोट, सावकाश. मग म्हणालात, "उद्या गाडी ठिवून जावा. दोन दिस लागतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी काय केलं, ते आता सांगते. कपाटाच्या खणातून ती बाटली काढली. रंग घट्ट झाला होता, त्यात दोन थेंब थिनर टाकलं. बॉनेट उघडलं. बॅटरीवर, अल्टरनेटरवर ठिपके होतेच, जरा मळलेले. त्यांच्यावरच मी नवे लाल ठिपके दिले. डिकी उघडून स्टेपनीवर दिला. रागात हात चांगला चालतो. पोरांना निरीक्षण शिकवणाऱ्या या बाईला तेव्हा एवढंही सुचलं नाही की अकरा वर्षांत तुम्ही दोनदा बॅटरी बदलली होती, मग या बॅटरीवर ठिपका आला कुठून?

गाडी तुमच्यापाशी ठेवून मी रिक्षानं स्टँडवर गेले. किल्ली देताना तुमच्याकडे बघितलंही नाही. दोन दिवसांनी तुमचा फोन येणार होता. तिसऱ्या सकाळी फोन आला तो चहावाल्याचा.

तेराव्यानंतर मी कुंभारीला आले. तुमच्या घरी मी कधीच आले नव्हते. अकरा वर्षांत तुमचं घर कुठं आहे, हे मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं गाडी शेडमध्ये अडकली असेल, तर ती तुमच्या दारात उभी होती, वर चादर घातलेली. सोलापुरी चादर, धुतलेली, घरातली. माणसानं पांघरायची चादर गाडीवर का घातली, असं मी विचारलं तर मायाक्का म्हणाली, "ऊन लागतंय की. त्येनीच घातलीवती."

तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं. रडली नाही. मीच रडले, आणि तिनं मला समजावलं, हे उलटंच झालं. मग ती म्हणाली, "आवाज गेला वो बाई तुमच्या गाडीचा."

"कोणता आवाज?"

"त्योच की, वळताना चींऽ करीत व्हता त्यो. मी काडला न्हवं त्यो."

मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. गेल्या वर्षापासून तुमच्या कानांतून बारीक आवाज गेले होते. जाड आवाज यायचे, इंजिन, ट्रक, माणसांचं बोलणं. बारीक काही येत नव्हतं. घरात कुकरची शिट्टी वाजली तरी कळायचं नाही. हे तिला आणि तुम्हालाच माहीत. कानानं ओळखणारा मिस्त्री म्हणून तुमचं नाव, ते बाहेर कसं सांगणार? माझी गाडी तुम्ही त्या संध्याकाळी कुंभारीला आणलीत आणि मायाक्काला पुढच्या सीटवर बसवलंत. जन्मात ती कधी पुढं बसली नव्हती. तुम्ही तिला सांगितलंत, पहिल्या मैलात बोलायचं नाही, नुसतं ऐक, आणि चीं आलं की माझ्या हातावर हात ठेव.

"त्येनी डावीकडं वळिवलं की मी हात ठेवायची. चार येळा वळिवलं, चार येळा ठेवला. मग खाली उतरून त्यो लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लावला. हितं का तितं, हितं का तितं, असं इचारत गेले. सांध्यातला रबराचा बुश वाळलावता म्हनं. दुसऱ्या दिशी त्यो अख्खा सांधाच बदलला आन सांजच्याला परत मला बशिवलं. आला न्हाय आवाज. लई खूश झाले."

मी विचारलं, "मी जे बोलले ते त्यांनी सांगितलं का तुम्हाला?"

"सांगितलं की. म्हनले, मला काय ऐकू येत न्हाय, पर बाईंना येतोय म्हंजे हाय. बाई खोटं बोलत न्हाईत."

मिस्त्री, हे वाक्य तुम्ही माझ्यासमोर बोलला असता तर बरं झालं असतं. मी त्याला उलट उत्तर तरी दिलं असतं.

निघताना मी गाडीचं बॉनेट उघडलं. का उघडलं सांगता येत नाही. भर दुपारच्या उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. बॅटरीवर लाल ठिपका. अल्टरनेटरवर. आणि रेडिएटरवर, जो तुम्ही सहा वर्षांपूर्वी बदललात. क्लच केबलला, नव्या पट्ट्याच्या कडेला, फिल्टरच्या झाकणावर. जे जे तुम्ही माझ्या गाडीत नवं घातलंत, त्या प्रत्येकावर एक ठिपका. माझ्या ठिपक्यांपेक्षा जरा मोठा, करंगळीच्या टोकाएवढा, नीट गोल. मायाक्कानं चाक वळवायला लावून आतला नवा सांधा दाखवला, त्याच्यावरही होता, अजून चकचकीत.

"ते काय हाय म्हनून बघताय न्हवं?" मी विचारायच्या आधी तिनंच विचारलं, आणि तिनंच उत्तर दिलं. "मला म्हनले, बाईंचा लई जीव हाय गाडीवर. आमी न्हाई का मेंढरांस्नी रंग लावत, दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर आपलं वळखाया? तसा बाईंनी लावलाय. मग नव्या पार्टला बी लावाया नगं व्हय? पैल्यांदा आमच्या लेकीची बाटली नेली. ती सपल्यावर दुकानात गेले, तर गडी मानूस नेलपालिश मागतोय म्हनून बाया हसल्या." तिनं आत जाऊन ती बाटली आणली. ऑइलनं काळी झालेली, झाकणाला सुतळी गुंडाळलेली, घट्ट बसावं म्हणून. मला दिली.

त्या दिवशी कुंभारीहून घरापर्यंत मी गाडी चालवत आले ते एका वेगळ्याच सुखात. तुम्हाला कळलंच नव्हतं! तुम्ही त्या ठिपक्यांना जीव समजलात. माळावरचा माणूस, त्याला शहरातल्या बायकांची चलाखी काय ठाऊक? अकरा वर्षं माझा संशय तुम्ही माया समजून जपलात, आणि मला त्याबद्दल कुणाचीच माफी मागायची गरज उरली नव्हती. वळणावर मी कान टवकारले. आवाज आला नाही. खरं सांगते, थोडी निराशा झाली. आवाज आला असता तर माझं काहीतरी बरोबर ठरलं असतं.

हे सुख पंधरा दिवस टिकलं. गेल्या आठवड्यात ऑइल बदलायला मी विजापूर रोडवरच्या एका फिटरकडे गेले. त्याच्यात काही वाईट नाही. पोटापाण्याला लागलेला, कामसू माणूस. त्यानं बॉनेट उघडलं आणि तो थबकला. मग माझ्याकडे बघून हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"काय मॅडम, आदीच्या मिस्त्रीवर भरवसा न्हवता व्हय?"

"का? असं का म्हणता?"

"हे नेलपालिश की. आमच्यात कुनाला कळत न्हाय व्हय? बारक्या हेल्परला बी कळतंय. ठिपका दिसला की समजायचं, गिऱ्हाईक आपल्याला चोर समजतंय. काही मिस्त्री तर गाडीला हात लावत न्हाईत, तशीच माघारी धाडतात. कुनी लावले एवढे?"

"मिस्त्रींनीच लावलेत," मी म्हणाले. हे खरं होतं. त्यानं ते मानलं नाही. मान हलवून कामाला लागला.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं होतं. तीस-पस्तीस वर्षं पाना हातात असलेल्या माणसाला कळणारच. तुम्ही माझे तीन ठिपके बघितलेत, आणि गाडी माघारी धाडली नाहीत. उलट प्रत्येक नव्या पार्टवर ठिपका लावत गेलात. का? मी कधी तपासलंच तर मला सगळं जागेवर दिसावं म्हणून? का मला एकदा तरी शरम वाटावी म्हणून? रोज यातलं वेगळं उत्तर खरं वाटतं. त्या शेवटच्या सकाळी तुम्ही बॉनेट उघडलंत तेव्हा वरून चढवलेला ताजा रंग तुम्हाला दिसला असणार. वासही येत असणार. मी कान आणि नियत म्हणाले होते. कान गेला होताच. नियत कशी होती त्याचं उत्तर तुम्ही त्या नव्या सांध्यावर करंगळीएवढं लावून गेलात, आणि मी ते वाचायच्या आत गेलात. डोळे मिटले की मला तुम्ही बोटं पुसताना दिसता. एकेक बोट. मी काही बोलेन म्हणून तुम्ही तेवढा वेळ लावला होता का मिस्त्री?

पण मला रात्रंदिवस टोचतं ते हेही नाही. टोचतं ते मेंढरांचं. बायकोला तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. 'ही बाई मला चोर समजते', हे तुम्ही घरात सांगितलं नाहीत. ती शेडमध्ये येऊन माझ्यापुढे डबा उघडायची, मला आधी भाकरी द्यायची. ते खरं सांगितलं असतंत तर तिच्या हातची भाकरी मला मिळाली नसती. तुम्ही माझी अब्रू तुमच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं झाकून ठेवलीत. मला पत्तासुद्धा लागू दिला नाहीत.

काल मायाक्काचा फोन आला. मी नेमकी गाडी सुरू करत होते, मोहोळला निघाले होते. एरवी मी पहिल्या मैलात फोन घेत नाही, पण तिचं नाव दिसलं म्हणून गाडी तशीच उभी ठेवून घेतला.

"आवाज न्हाय न्हवं आला परत?"

"नाही आला."

"मला ठाव हुतं. त्येनी सांगितलंवतं, काय बी झालं तर बाईंना इचार, बाई हाय ते तोंडावर सांगतील, खोटं सांगनार न्हाईत." मग म्हणाली, "बाई, ते ठिपके पुसू नगासा हां. नव्या मिस्त्रीला सांगा, हे आमच्या मालकांनी लावलेत, जीवापायी."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. मायाक्का, ते पहिले तीन मी लावले होते, आणि जीवापायी नव्हते लावले. एवढंच वाक्य. ती थांबली होती, ऐकत होती. तुमच्यापेक्षा तिचा कान चांगला आहे, तिनं माझा श्वाससुद्धा ऐकला असेल.

"सांगेन," मी म्हणाले.

बाई खोटं बोलत नाहीत, हे तिला तुम्हीच सांगून गेला आहात. फोन ठेवला आणि मी गाडी बाहेर काढली. चाळीस मिनिटं लागतात मोहोळला. मैलामागून मैल गेले, मिस्त्री, आणि माझा पहिला मैल काही संपेना.